उपासाचा पैरा

अर्जुना होवाळ शाळेत शिपाई लागला, तेव्हा गाव त्याला गमतीनं अर्जुनराव म्हणायला लागलं. त्याआधी तो अर्ज्या होता. त्याचा बाप, गावकीची कामं करणारा, तर नुसता येसकर होता. बापाला आईबापांनी ठेवलेलं एक नाव आहे, हे निम्म्या गावाला ठाऊक नव्हतं. मेढ्यापासून दोन टेकड्या चढून उतरलं की हे गाव लागे. खाली भाताची खाचरं, वर वरीचे उतार, आणि माणसाचं नाव लांबवायला तिथं सबळ कारण लागे. अर्जुनाचं कारण म्हणजे त्याचा खाकी सदरा. तो सरकारनं दिलेला नव्हता. पहिल्या पगारातून त्यानं तो मेढ्याला शिवून घेतला होता, आणि पुढं पाठीवर ठिगळ चढलं तरी शाळेच्या वेळात त्यानं दुसरं काही अंगात घातलं नाही.

काम साधं होतं. सकाळी शाळा झाडायची, शनिवारी शेणानं सारवायची, आणि जांभळीच्या फांदीला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा लोखंडी दांड्यानं बडवायचा. गावात चालतं घड्याळ एकच, तेही गुरुजींच्या मनगटावर. पण नुसत्या घंटेनं पोरं येत नसत. ती गुरांमागं असत, बांधावर असत, नाहीतर आईच्या पदराआड असत. म्हणून घंटा देऊन झाली की अर्जुना गल्लीनं फिरायचा आणि दारादारासमोर थांबून हाक द्यायचा, "पोरं पाठवा वो." कुणाचं पोर चुलीमागं दडलंय आणि कुणाचं म्हशीवर बसून ओढ्याकडं गेलंय, हे त्याला बरोबर कळायचं. शाळेचे मुख्याध्यापक जंगम गुरुजी म्हणायचे, हजेरी मी मांडतो, पण भरतो ती अर्जुनाच.

पाणी मात्र तो भरत नसे. ते काम धोंडुबाईकडं होतं. ती गुरवाची विधवा. असं कुणी ठरवलं होतं असं नाही, पण ते ठरलेलं होतं. शाळेच्या रांजणाला अर्जुनाचा हात लागला, तर पोरं दुसऱ्या दिवशी घरून पाण्याचे तांबे घेऊन येतील, हे गुरुजींनी ओळखलं होतं. गुरुजी सांगलीकडचे, मनानं चांगले, पण भांडणाला भिणारे. अर्जुनानंही तो विषय कधी काढला नाही. त्याला एक गोष्ट मिळाली होती आणि तिच्यावर तो खूश होता.

ती गोष्ट समजायची तर त्याच्या बापाच्या मागं चार घरं हिंडायला हवं. बाप संध्याकाळी घुंगरांची काठी घेऊन निघायचा आणि मागं टोपली घेऊन लहानगा अर्जुना. दारात काठी आपटून बाप म्हणायचा, "भाकर वाढा, मायबाप." मग कुणी ताजी टाकी, कुणी शिळी टाकी, कुणी वरून कालवण ओती. घरी पोचेपर्यंत सगळ्या गावाची चव एक झालेली असे. सुगीत बाप खळ्याच्या कडेला फडकं पसरून बसायचा. धन्याची रास घरात गेली की खळं झाडताना जे उरे, ते मातीसकट त्याच्या फडक्यात पडे. ह्या दाण्यावर मेलेली गुरं ओढायची, सांगावे पोचवायचे, साहेबांच्या घोड्यापुढं पळायचं. माणूस राबायचा पूर्ण आणि मिळायचं ते उपकार म्हणून. अर्जुनाला त्या दाण्याची चीड होती, आणि आपण तो खाऊन वाढलो ह्याची त्याहून जास्त होती.

छप्पन्न साली नागपूरची बातमी आली. पुढं साताऱ्यात दीक्षा झाली, तेव्हा महारवाड्यातली सगळी माणसं पायी गेली. परत आल्यावर ठरलं, गावकी बंद, गावचा दाणा बंद. अर्जुनानं बापाची काठी मोडून न्हाणीच्या चुलीत घातली आणि त्यावर तापलेल्या पाण्यानं त्याच्या बायकोनं, मुक्ताबाईनं, डोक्यावरून आंघोळ केली. त्यापायी गावानं दोन वर्षं वाड्याला काम दिलं नाही. माणसं मेढ्याच्या रस्त्यावर खडी फोडायला गेली, पण दाणा कुणी घेतला नाही. मग कायद्यानं वतन गेलं, अर्जुनाच्या नावावर भाताची दोन खाचरं आणि वरीचा एक पट्टा लागला, आणि पुढं शाळेची नोकरी आली. पगार अगदी थोडा. पण तो साताऱ्याहून यायचा आणि गुरुजी तो टेबलावर ठेवायचे. तो घ्यायला काही पसरावं लागत नव्हतं. ती ही गोष्ट.

पासष्ट साली पाऊस दगा देऊन गेला. त्यात लढाई झाली. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो आला आणि त्याच्या भाकरी जनावरंसुद्धा विचार करून खायला लागली. सरकारनं काटकसर काढली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं सरकारचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. पण पहिला रिकामा झाला तो शाळांचा पोहरा. खडू, शाई, बस्करं, कौलं ह्यांसाठी शाळेला जो सादिल खर्च मिळे, तो आधी निम्मा झाला आणि मग कागदावरच राहिला. गुरुजी शाईत पाणी घालत गेले. शेवटी शेवटी फळ्याजवळचा नकाशा आणि पोरांची अक्षरं सारखीच फिकट दिसायला लागली. नवे मास्तर नेमणं तर बंदच पडलं. अर्जुनाचा पोरगा कृष्णात ह्याच शाळेतून शिकून सांगलीला मास्तरकीचं शिक्षण पुरं करून बसला होता. नेमणूक नाही, म्हणून विश्रामबागेत एका पाहुण्याकडं राहून हळदीच्या वखारीत वजनं करत होता. घरी यायचा तेव्हा त्याची नखं पिवळी असायची.

सहासष्टचा मार्च सरता सरता हुकूम आला, की शाळांमधल्या अर्धवेळ शिपायांच्या आणि पाणी भरणाऱ्यांच्या जागा बंद. वर ठरलेली काटकसर उताराचं पाणी. ती खालच्या खाचरात येऊन थांबते. गुरुजींनी दोघांना जांभळीखाली बोलावून सांगितलं. सांगताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला. धोंडुबाईनं एवढंच विचारलं, की आजचं पाणी भरायचं का नाही.  शाळा सुटायची वेळ झाली होती, ती घंटा अर्जुनानं दिली आणि तो घरी गेला.

मग गुरुजींनी स्वतः घंटा वाजवून पाहिली. गावाला वाटलं, कुणाचा तरी टोणगा रुळावर शिंगं घासतोय. हाका मारत हिंडणं तर त्यांना जमणारच नव्हतं. पटावर नावं तेवढीच राहिली आणि वर्गातली डोकी कमी होत गेली. तेव्हा गुरुजींनी शाळा समितीच्या नानासोला गाठून स्पष्ट सांगितलं, की तपासणीला साहेब येतील, हजेरी बघतील आणि वरचे तीन वर्ग मोडून मेढ्याला जोडतील. पोरगे एखादेवेळी दोन टेकड्या तुडवतील, पोरी तुडवणार नाहीत. नानासोची नात सहावीत होती आणि त्याच्या घराण्यात पाटी धरलेली ती पहिलीच पोरगी. नानासोनं त्याच संध्याकाळी गावाची बैठक बोलावली.

गाव शाळेतच बसलं. नानासो गावचा मोठा शेतकरी, चार जोड्या बैलांचा, बोलायला मोकळा. त्यानं तोड काढली. सरकारनं हात वर केले तर करू देत, गाव अजून जितं आहे. ज्याचं पोर शाळेत, त्यानं सुगीला पायली-पायली भात काढायचा. त्यातून धोंडुबाईनं पाणी भरावं आणि अर्जुनानं घंटा द्यावी. सगळ्यांनी माना हलवल्या. त्या टंचाईच्या सालात दाणा देऊ करणं ही लहान गोष्ट नव्हती, हे मान्य करायलाच हवं. गाव काही वाईट नव्हतं. ते स्वतःच्या चांगुलपणावर खूश होतं, आणि म्हणूनच कुणी अर्जुनाच्या तोंडाकडं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी नानासो स्वतः खांद्यावर भाताचं पोतं घेऊन अर्जुनाच्या दारात आला. सुगीची वाट न बघता आगाऊ घेऊन आला होता. येसकराला खळ्यावर जावं लागायचं आणि आपण तर दारात आणून देतोय, एवढा फरक त्याला पुष्कळ वाटला. ओट्यावर पोतं टेकवून तो म्हणाला की गावाचं आहे, ठेव. आणि समाधानानं गेला.

मुक्ताबाईनं ते पोतं आत घेतलं नाही आणि बाहेरही लोटलं नाही. आत चुलीवर मिलोच्या भाकरी भाजल्या जात होत्या आणि बाहेर भात होता. पोत्याला एका कोपऱ्यात भोक होतं. तिथं कोंबड्या जमल्या. दुपारपर्यंत वाड्यातले चारदोन जण येऊन ते पोतं बघून गेले. प्रत्येक जण जरा जास्तच वेळ उभा राहिला. अर्जुना उंबऱ्यात बसून होता. शाळा सोडावी तर वाड्यातल्या पोरींचं शिकणं संपलं. दाणा घ्यावा तर बापाची टोपली पुन्हा डोक्यावर. एवढी वर्षं त्याला वाटत होतं की ती टोपली आपण जाळली. जळली होती ती नुसती काठी, हे त्याला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी मुक्ताबाई म्हणाली, "काय ते ठरवा. म्या त्या काठीच्या पान्यानं न्हालीया, एवढं ध्येनात ठिवा."

अर्जुनानं पोत्याचं भोक बांधलं, पोतं उचललं आणि नानासोच्या सोप्यात नेऊन ठेवलं. नानासो पान लावत होता.

"दाना नगं, नानासो," अर्जुना म्हणाला. "घंटा देतो, शाळा झाडतो, पोरं आनतो. पर पैऱ्यानं."

पैरा म्हणजे शेतकऱ्यांची आपसातली कामाची फेड. आज मी तुझ्या लावणीला, उद्या तू माझ्या लावणीला. कुणी कुणाला काही द्यायचं नाही आणि कुणी कुणाच्या खाली नाही. पैरा सोयऱ्यांत होतो, भावकीत होतो, बांधाला बांध असलेल्यांत होतो. गाव आणि वाडा ह्यांच्यात तो आजवर झालेला नव्हता. अर्जुनाचं मागणं असं, की ज्याच्या घरचं पोर शाळेत, त्यानं वर्षातून एक दिवस त्याच्या रानात यावं.

नानासो आधी हसला. मग त्यानं सोप्यातल्या पोत्याकडं पाहिलं. भाताचा त्या सालचा भाव त्याच्या डोळ्यांपुढून गेला असावा, कारण तो लगेच कबूल झाला. एक दिवस मनगट झिजवायचं आणि दाणा घरात राहणार. असला सौदा कोण सोडील? त्यानं सगळ्यांच्या वतीनं शब्द दिला. धोंडुबाईनं आपला दाणा मात्र घेतला. अर्जुनाला तिनं बोलूनही दाखवलं, की मला चालतो तो दाणा तुला का चालू नये.

"आवं धोंडुबाई," अर्जुना म्हणाला, "तुमच्या बानं कवा खळ्यावर फडकं पसरलं न्हाई." त्यावर ती कळशी उचलून चालती झाली.

ह्या सगळ्यात एक मेख होती आणि ती गावात कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. ती पहिल्यांदा दिसली मुक्ताबाईला. पैऱ्याच्या माणसाला दुपारचं जेवण ज्याचं रान त्याच्या घरचं असतं. बांधावर बसून एकत्र जेवायचं, आणि जेवल्याशिवाय पैरा फिटत नाही, असा तिथला रिवाज. हा रिवाज पाळण्यात सगळ्यांत कडक खुद्द नानासो. एका साली धनाजी नावाचा त्याचा शेजारी दिवसभर राबून न जेवता निघून गेला, म्हणून नानासोनं त्याला दुसऱ्यांदा बोलावून जेवू घातलं होतं. हे मुक्ताबाईनं नवऱ्याला आठवण करून दिलं. अर्जुनाला ते आधीच ठाऊक होतं का, हे त्यानं तिलाही सांगितलं नाही.

अर्ध्या एप्रिलपासून घंटा पुन्हा वेळेवर व्हायला लागली. उन्हाळ्याची सुट्टी गेली, जून आला, पोरं परत वर्गात भरली. तपासणीचे साहेब आले, डोकी मोजून गेले आणि वरचे वर्ग राहिले. नानासोनं साहेबांना गावाच्या एकीबद्दल चार शब्द सांगितले. मग आषाढ लागला आणि लावण आली.

अर्जुनाचा भाताच्या रोपांचा तरवा वीतभर झाला, दीडवीत झाला, पण पैऱ्याला कोणी फिरकलं नाही. मेख एव्हाना घराघरात कळली होती. बायकांनीच ती आधी ओळखली आणि रात्रीच्या जेवणाला नवऱ्यांच्या ताटात वाढली. ज्याला त्याला आपली लावण आधी होती, कुणाचा बैल दुखावला होता, कुणाचा मेहुणा आला होता. कृष्णात लावणीसाठी सांगलीहून आला, त्यानं पिवळा पडत चाललेला तरवा पाहिला आणि त्याचं डोकं फिरलं. उद्यापासून घंटा बंद करा, असं तो बापाला म्हणाला. अर्जुनाचं म्हणणं वेगळं होतं.

"पैरा म्या घातलाय," तो म्हणाला. "फेडायचा त्येंनी हाय. जवर फिटत न्हाई, तवर गाव माज्याखाली हाय. ह्ये आपल्या घरात कवा झालं हुतं का?"

कृष्णातला हे पटलं नाही. पोटात काही नसताना असल्या मोठेपणाचं काय लोणचं घालायचं, असं त्याला वाटलं, आणि त्याचंही चुकत नव्हतं. पण बाप रोज घंटा देऊन गल्लीनं हिंडायचा तेव्हा दारादारांतली मोठी माणसं नजर चुकवायला लागली होती, हे त्यानं दोन दिवसांत पाहिलं. हाक तीच होती, "पोरं पाठवा वो." पण ती ऐकून नानासो हल्ली आत जाऊन बसायचा.

शेवटी शब्द दिलेला होता. न जावं तर बेइमानी, जावं तर जेवण. गावानं त्यातून वाट काढली, आणि ती काढणाऱ्याच्या डोक्याचं कौतुकच करायला हवं. सोमवारी सकाळी धनाजी अर्जुनाच्या रानात हजर झाला. दिवसभर चिखलात वाकून त्यानं मनापासून लावण केली. दुपारी मुक्ताबाई टोपली घेऊन आली, तेव्हा तो कंबर सरळ करत म्हणाला की आज सोमवार, माझा उपास आहे. गुरुवारी दुसरा एक आला, त्याचा गुरुवार होता. शनिवारी बिराप्पा धनगर आला. त्यानं जन्मात कधी उपास केला नव्हता. बकऱ्याची मुंडी समोर असताना तो वार विचारत नसे. पण त्यानंही मारुतीचं नाव घेतलं. त्या आषाढात गाव एकाएकी फार देवभोळं झालं.

राबायला कोणी चुकारपणा केला नाही, हे मात्र नोंदवायला हवं. पाठ मोडेपर्यंत राबत, उपाशी राबत, आणि संध्याकाळी तोंड सुकवून घरी जात. अर्जुना प्रत्येकाला बांधापर्यंत पोचवायचा आणि शांतपणे सांगायचा, की काम चांगलं झालं, पण पैरा काही फिटला नाही. सवडीनं पुन्हा या. त्यानं आवाज चढवला नाही. रिवाज नानासोचाच होता. दोन वेळा उपाशी राबून आलेला धनाजी नानासोकडं जाऊन कुरकुरला, की शब्द तुम्ही दिला आणि पोटाला चिमटा आमच्या. मग नानासोनं ठरवलं की हे आपणच जाऊन मिटवायचं. आषाढातली दुसरी एकादशी जवळ आली होती. त्यानं तीच धरली.

आदल्या दिवशी ही खबर अर्जुनाला लागली. त्यानं मुक्ताबाईला सांगितलं की उद्या नानासो येतोय, एकादशी आहे. मुक्ताबाई बराच वेळ चुलीत लाकूड सारत राहिली. मग तिनं माळ्यावरची वरी खाली काढली. ह्या घरात दहा वर्षं कुणी उपास केला नव्हता. दीक्षेच्या दिवशी तिनं सगळे वार एकदमच सोडले होते. एकादशीला काय चालतं आणि काय नाही, हे ती विसरूनही गेली होती. सकाळी ती पाणवठ्याच्या वाटेवर धोंडुबाईला गाठून विचारून आली. जिरं चालतं का, हिरवी मिरची चालते का. धोंडुबाईनं सगळं सांगितलं आणि कशाला पाहिजे हे विचारलं. ऐकल्यावर ती घरी गेली आणि एका वाटीत चमचाभर तूप घेऊन आली. कुणी बघतंय का हेही न पाहता ती वाटी तिनं मुक्ताबाईच्या हातात दिली.

"धा वर्सं झाली उपास सोडून," मुक्ताबाई कृष्णातला म्हणाली, "आता दुसऱ्याच्या उपासाचं रांधती."

नानासो आपली सगळ्यांत चांगली जोडी घेऊन आला. खाचरात पाय ठेवायच्या आधीच त्यानं जाहीर केलं की आज आपली एकादशी आहे. अर्जुना बरं म्हणाला. अर्जुना शाळा भरवून येईपर्यंत नानासोनं निम्मं खाचर चिखलून काढलं होतं. त्याला औत हाणताना बघणं हे सुख होतं. बैल त्याच्या नुसत्या जिभेच्या चटकाऱ्यावर वळायचे. मागं कृष्णात आणि अर्जुना लावत येत होते. पाऊस बारीक पडत होता. नानासो मध्येच दोनदा औत थांबवून आपल्या तांब्यातलं पाणी प्याला, कनवटीचे चार शेंगदाणे त्यानं तोंडात टाकले.

दुपार झाली, अर्जुना मधल्या सुट्टीची घंटा देऊन परत आला आणि मुक्ताबाई डोक्यावर इरलं घेऊन बांधावरून आली. आंब्याखाली तिनं टोपली उतरवली आणि वरचं फडकं काढलं. वरीचा भात होता, त्यावर तुपाची धार. शेंगदाण्याची आमटी होती आणि गुळाचा खडा. तिनं पळसाच्या पानांच्या तीन पत्रावळी मांडल्या.

"उपासाचं हाय," अर्जुना म्हणाला.

नानासो टोपलीकडं बघत राहिला. आज निर्जळी आहे म्हणायची सोय नव्हती. पाणी तो सगळ्यांदेखत प्याला होता. पलीकडच्या खाचरांत लावण करणाऱ्या बायका हातात तरव्याच्या जुड्या धरून ताठ उभ्या राहिल्या होत्या. रिवाज त्याचा, शब्द त्याचा, एकादशीही त्यानंच निवडलेली. तो खाली बसून खाचराच्या पाण्यात हात धूत राहिला. चिखल केव्हाच निघाला होता, तरी धूत राहिला. मग उठला आणि मधल्या पत्रावळीवर येऊन बसला.

पहिला घास त्यानं काढा घ्यावा तसा डोळे मिटून घेतला. दुसरा उघड्या डोळ्यांनी. सकाळपासून औताला जुंपलेल्या माणसाची भूक जात-पात विचारत बसत नाही. वरी मोकळी शिजली होती आणि आमटीला मिरचीचा ठसका होता. तो भराभर जेवला.  यजमानीण पैऱ्याच्या माणसाला आग्रह करते, पण मुक्ताबाई पळी हातात धरून नुसती उभी होती. गावच्या माणसाला आग्रह कसा करायचा, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

पत्रावळ रिकामी झाली. नानासोनं ती उचलून थोडी पुढं धरली.

"वाढा, वयनी," तो म्हणाला.

अर्जुनाचा घास हातात राहिला. ह्याच माणसाच्या दारात, ह्याच्या बापापुढं, काठी आपटून आपल्या बापानं म्हटलेलं 'वाढा' त्याच्या कानात अजून होतं, आणि डोक्यावर टोपलीचा काच होता. असं काही एक दिवस घडेल, आणि घडलं की आपल्याला फार आनंद होईल, असं त्यानं मनाशी कितीदा धरलं होतं. तो आनंद काही झाला नाही. त्याला नानासोची भीड वाटली, बाप आठवला, आणि पुढं काय करावं ते न सुचून त्यानं आपल्या पानावरचा गुळाचा खडा नानासोच्या पानाकडं सारला.

मुक्ताबाईनं दोन पळ्या वाढल्या. मग आपल्याआपणच तिसरी वाढली. नानासो सगळं जेवला, पत्रावळ मोडून बांधाच्या पलीकडं टाकून आला आणि उपरण्याला हात पुसत म्हणाला, "फिटला न्हवं पैरा?"

"फिटला," अर्जुना म्हणाला.

नानासो बैलांकडं गेला. अर्जुनानं पाय धुतले आणि आंब्याच्या फांदीवर ठेवलेला खाकी सदरा अंगात घातला. मधली सुट्टी संपायची वेळ झाली होती.